थोरल्यांचं इंजिन

गाडी विकायची असेल तर जाहिरात कशी लिहू नये, हे ज्याला शिकायचं असेल त्याने धाकट्यांची जाहिरात वाचावी. पहिली ओळ ठीक होती. ‘जपानी बनावटीची, दोन सीटची, लांब नाकाची जुनी स्पोर्ट्स कार, पूर्ण नव्याने उभी केलेली, विकणे आहे.’ इथे थांबले असते तर काम झालं असतं. पण धाकटे थांबतात कसले! पुढे त्यांनी लिहिलं होतं : ‘डावं दार लावताना जरा जोर लागतो. मागच्या काचेचं रबर मूळचं नाही. घड्याळ मागे पडतं. डिकीच्या उजव्या कोपऱ्यात ओल येत असावी, खात्री नाही.’

वहिनींनी ती वाचली, चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा वाचली आणि म्हणाल्या, “भाऊजी, ही जाहिरात आहे की तक्रार अर्ज?”

“खरं तेच लिहिलंय,” धाकटे म्हणाले. “दादाचा नियमच होता. दोष आधी सांगायचा, मग गाडी दाखवायची.”

दादाचं नाव निघालं की वहिनी पुढे बोलत नसत. त्यांनी कागद परत दिला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

घरामागच्या अंगणात दोघा भावांचं गॅरेज होतं. थोरले इंजिनचं काम करायचे, धाकटे पत्र्याचं. गावातली माणसं त्यांना याच नावांनी ओळखत. नुसता आवाज ऐकून थोरले सांगायचे की तिसऱ्या सिलिंडरची तब्येत ठीक नाही, आणि धाकटे पत्र्यावरून तळवा फिरवून सांगायचे की इथे कधीतरी ठोकलेली आहे. धाकट्यांनी लग्न केलं नाही. गॅरेजवरच्या खोलीत राहायचे आणि दोन्ही वेळा वहिनींकडे जेवायचे. पन्नाशी कधीच उलटली, केस पिकले, थोरले जाऊन दीड वर्ष झालं, तरी ते आपले धाकटेच राहिले.

ती गाडी दोघांनी एका पडक्या शेडमधून ओढून आणली होती. ज्या अवस्थेत आणली, तिला गाडी म्हणायला मन मोठं लागलं असतं. तळाचा पत्रा इतका सडला होता की सीटवर बसून खालची माती दिसायची. वहिनी तेव्हा म्हणाल्या होत्या, “हिला घरात आणताय की हिचं शेवटचं करायला आणलीय?” पण भावांना त्या गाडीने वेड लावलं. गिऱ्हाइकांची कामं उरकली की उरलेला सगळा वेळ तिचा. थोरल्यांनी इंजिन आधी उभं केलं. सहा सिलिंडर एका ओळीत, दोन कार्बोरेटर. एकेक नट त्यांनी स्वतःच्या हाताने आवळला, दुसऱ्या कुणाला पाना लावू दिला नाही. मग रोज सकाळी ते तिला बाहेर काढायचे. ना बंपर, ना रंग, अंगावर नुसता राखाडी प्रायमर. पुलापर्यंत जायचे, वळायचे आणि परत येऊन चहा प्यायचे. बंद करण्याआधी ॲक्सिलरेटर एकदा हलकेच दाबायचे, घसा खाकरल्यासारखा. ती त्यांची खोड होती.

एका दुपारी छातीत दुखतंय म्हणून ते दवाखान्यात गेले, ते परत आले नाहीत.

पुढचं सगळं धाकट्यांनी एकट्याने केलं. तळ नवा घातला, दारं जुळवली, गडद निळा रंग दिला. रंगावर हात असा फिरवला की अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या वहिनींना दारात आपलं प्रतिबिंब दिसायचं. पण इंजिनला त्यांनी हात लावला नाही. तेल बदललं, तेवढंच. दादाने जे आवळलं होतं ते तसंच आवळलेलं राहिलं. आणि रोज सकाळी, दादा जायचा त्याच वेळी, ते गाडी काढून पुलापर्यंत जायचे आणि परत यायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, “इंजिन पडून राहिलं की खराब होतं.” ते खरंच होतं. पण त्यासाठी आठवड्यातून एकदा चालवली तरी पुरतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

त्या फेरीसाठी ते दाढी करायचे. स्टिअरिंग धरलं की बोनेटखाली दादा काम करतोय असं त्यांना वाटायचं. वेडेपणा आहे हे कळत होतं, पण तेवढा वेळ बरं वाटायचं, आणि दिवसात दुसऱ्या कशाने बरं वाटत नव्हतं.

गाडी विकायची हे वहिनींनी ठरवलं. गाडी थोरल्यांच्या नावावर होती, आता ती त्यांची. एकदा जेवताना त्या म्हणाल्या, “अंगण अडलंय नुसतं. विकून टाकू या.” वहिनींना नाही म्हणणं धाकट्यांना जन्मात जमलं नव्हतं. “विकू की,” ते म्हणाले, आणि ताटातला भात नुसताच चिवडत राहिले.

तेव्हापासून त्यांच्या अंगात सत्य संचारलं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते कपाळावर गॉगल चढवलेलं. गाडी बघून त्याचे डोळे लकाकले. धाकट्यांनी त्याला बॅटरी दिली, गाडीखाली झोपवलं आणि कुठे कुठे जोड दिलाय, कुठला जोड मनासारखा जमला नाही, गंज पुन्हा कुठून डोकं वर काढू शकतो, ते सगळं सविस्तर समजावलं. बाहेर आला तेव्हा त्या माणसाला गाडीच काय, सायकल घ्यायचीही इच्छा उरली नव्हती. दुसरा संग्राहक होता, जाणकार. पत्र्यावरचे खड्डे बुजवायला कुठे लांबी भरली आहे ते बघायला त्याने खिशातून लोहचुंबक काढलं. धाकट्यांनी ते त्याच्या हातातून घेतलं आणि जिथे चिकटत नाही ती जागा आपणच शोधून दाखवली. “ही बघा. बोटभर जाड आहे इथे.” ती जागा त्याला दिवसभर सापडली नसती. तोही गेला.

“किती प्रामाणिक माणूस!” शेजारी म्हणाले. वहिनी फक्त दिराकडे बघत राहिल्या आणि धाकटे उगाचच पान्यांची पेटी आवरायला लागले.

तिसऱ्या आल्या दातांच्या डॉक्टरीणबाई. साठी ओलांडलेल्या, उंच, नुकताच दवाखाना बंद केलेल्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाल्या, “मला ही चालवायची आहे. नुसती ठेवून बघायची नाही. सांगा आता.”

धाकट्यांनी सुरुवात केली. दार जड लागतं.

“माझ्या घरची सगळी दारं जड लागतात.”

घड्याळ मागे पडतं.

“मला आता कुठे घाई आहे?”

मागच्या चाकाच्या वर लांबी भरली आहे.

“माझं सगळं आयुष्य लोकांचे दात भरण्यात गेलं,” बाई म्हणाल्या. “नीट भरलं असेल तर टिकतं. तुम्ही नीट भरलंय का?”

“नीटच भरलंय,” धाकट्यांच्या तोंडून निघून गेलं. आपल्याच कामाला वाईट कसं म्हणणार?

डिकीतली ओल, मूळचं नसलेलं रबर, वळताना येणारा बारीकसा किरकिर आवाज, सगळं झालं. बाई प्रत्येकाला “चालेल” म्हणत गेल्या. धाकट्यांकडचे दोष संपले. ते बोनेटवर हात टेकून उभे राहिले. इंजिनबद्दल ते अजून एक अक्षर बोलले नव्हते आणि बोलणारही नव्हते. बाईंनी पर्स उघडली. आता ही नेणार, हे धाकट्यांना स्पष्ट दिसलं.

“ब्रेक,” ते म्हणाले. “ब्रेकचं पेडल मऊ पडतंय. आत हवा शिरलीय. अशी गाडी मी देणार नाही.”

हे साफ खोटं होतं. ब्रेक ठणठणीत होता, त्याच सकाळी त्यांनी पुलावरच्या उतारावर दाबून बघितला होता. गिऱ्हाइकापासून दोष लपवायचा नाही, या नियमावर दोघा भावांनी आयुष्य काढलं. नसलेला दोष सांगायचा नाही, असा नियम करायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

“मग हवा काढा ना,” बाई म्हणाल्या. “थांबते मी.”

“एकट्याचं काम नाही ते.” धाकट्यांचा जीव जरा भांड्यात पडला. “एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी आडवं व्हायचं. माणूस मिळाला की कळवतो तुम्हाला. पुढच्या महिन्यात वगैरे.”

“मी बसते,” मागून आवाज आला.

वहिनी पायरीवर उभ्या होत्या. हात ओले होते. त्यांनी ते पुसले, अंगण ओलांडून आल्या आणि धाकट्यांनी काही म्हणायच्या आत दार उघडून आत बसल्या. थोरले गेल्यापासून त्या सीटवर त्या पहिल्यांदाच बसत होत्या. सीट त्यांच्यासाठी मागे होती. ती पुढे कशी सरकवायची ते न विचारता त्या काठावर पुढे येऊन बसल्या आणि पाय पेडलवर ठेवला. “खिडकीतून एवढी वर्षं बघितलंय. दाब म्हटलं की दाबायचं, धर म्हटलं की धरायचं, उचल म्हटलं की उचलायचं. एवढंच ना?”

आता माघार घेणार कशी? धाकट्यांनी मागची बाजू जॅकवर उचलली, खाली टेकू दिला, चाकामागे आडवे झाले, हवा काढायच्या छोट्या नटवर नळी चढवली आणि तिचं टोक बाटलीत सोडलं. डॉक्टरीणबाईंचा फोन वाजला. “यजमानांचा आहे, आलेच,” म्हणत त्या फाटकाकडे गेल्या.

खालून आतलं माणूस दिसत नाही. सगळं काम आवाजावर चालतं. भावांनी ते हजारदा केलं होतं. धाकट्यांनी पाना लावला आणि तोंड आपोआप उघडलं.

“दादा, दाब.”

वर काहीच हललं नाही. धाकट्यांनी डोळे मिटून घेतले. मग पेडल खाली गेलं, सावकाश. नळीतून तेल आलं, स्वच्छ, सोनेरी. हवेचा एकही बुडबुडा नव्हता.

“धरलंय,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. “भाऊजी, हे पेडल मऊ नव्हतं.”

धाकट्यांनी नट आवळला.

“मला गाडीतलं कळत नाही. पण मऊ कशाला म्हणतात आणि कडक कशाला, तेवढं बाईमाणसाला कळतं. पाय उचलू?”

“उचला.”

“पुन्हा दाबू?”

गरज नव्हती. तरी धाकटे म्हणाले, “दाबा.” हे शब्द तेवढे त्यांना ठाऊक होते.

“तुम्ही रोज सकाळी ही गाडी काढता,” वहिनी पाय दाबून धरत म्हणाल्या. “काढता तेव्हा मला काही वाटत नाही. परत येता ना, तेव्हा. कोपऱ्यावर आवाज बारीक होतो, मग फाटकातून आत. आणि बंद करण्याआधी एकदा दाबता, अगदी त्यांच्यासारखं. तुम्हाला माहीतही नसेल तुम्ही तसं करता.”

धाकट्यांना खरंच माहीत नव्हतं.

“मी चहाचं आधण ठेवते, भाऊजी. दोन कप. रोज. डोकं म्हणतं ते गेले, आणि हात कपाट उघडून त्यांचा कप काढतो. मग तुम्ही गाडीतून उतरता. दीड वर्ष झालं. रोज सकाळी ते घरी येतात आणि रोज सकाळी ते नसतात.”

बाटलीत तेल थेंबथेंब पडत होतं. धाकट्यांनी पाना खाली ठेवला.

“का नाही सांगितलंत?” धाकटे म्हणाले. “एका शब्दाने बंद केली असती. मला वाटायचं, तो आवाज ऐकून तुम्हाला बरं वाटत असेल. खिडकीत उभ्या असायच्या तुम्ही.”

“उभी असायचे. तुमचा चेहरा बघायला. ते गेल्यापासून तुम्ही जेवता तेही हातचं काम उरकल्यासारखं. दिवसभरात गाडीतून उतरता तेवढाच वेळ तुमचा चेहरा माणसासारखा असायचा. तो कसा काढून घेऊ? म्हटलं, विकली की गिऱ्हाइकाने नेली असं होईल. माझ्यामुळे बंद झाली असं तुम्हाला वाटायला नको. तर तुम्ही एकेका गिऱ्हाइकाला असं काही पिटाळून लावलंत की बस. पाय दुखायला लागलाय हो आता.”

“उचला,” धाकटे म्हणाले. “उचला, वहिनी. झालं.”

ते लगेच बाहेर आले नाहीत. ज्या माणसासाठी आपण फुंकर घालतोय असं वाटत होतं, त्याची जखम आपणच रोज सकाळी उघडत होतो, हे कळल्यावर कुणाला उठवेल? ते गाडीखाली पडून राहिले. डोक्यावर त्यांनीच घातलेला तळाचा पत्रा होता आणि पुढे अंधारात दादाचं इंजिन. त्यांना रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. आली ती लाज.

डॉक्टरीणबाई फोन संपवून आल्या तेव्हा धाकटे नळी गुंडाळत होते. “निघाली हवा?”

“हवा नव्हतीच,” धाकटे म्हणाले. “ब्रेक चांगला आहे. मी खोटं बोललो.”

बाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा वहिनींकडे. पर्स बंद केली. “मग दार, लांबी, ओल, त्यातलं खरं काय होतं?”

“ते सगळं खरं.”

“आणि हे एकच खोटं. ते का?”

आता ही जाणार, आणि ती चूक माझी, असं धाकट्यांना वाटलं. मघापर्यंत हेच त्यांना हवं होतं. आता नको होतं. त्यांनी पुढे जाऊन बोनेट उघडलं. आजवर एकाही गिऱ्हाइकापुढे ते उघडलं नव्हतं.

“हे माझ्या भावाने केलंय,” ते म्हणाले. “सगळं. हे त्याचं शेवटचं काम. तो गेल्यापासून मी यातला एक नटही सैल केलेला नाही. म्हणून गाडी द्यायची नव्हती मला. माझ्या कामात दोष आहेत, ते सांगितले. याच्या कामात मला एकही माहीत नाही.” मग बाजूला सरून म्हणाले, “तुम्ही न्या. याच्याएवढं चांगलं इंजिन तुम्हाला मिळणार नाही.”

धाकट्यांनी विकायला काढलेल्या वस्तूची स्तुती केली, अशी ती पहिलीच वेळ. बाईंनी वाकून इंजिन बघितलं. त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. शेवटी त्या वहिनींना म्हणाल्या, “तुमची आहे ना गाडी? द्याल मला?”

“द्यायचीच आहे,” वहिनी म्हणाल्या.

कागदपत्रं व्हायला आठवडा लागला. त्या आठवड्यात धाकट्यांनी गाडी सुरू केली नाही. सकाळी काय करावं ते त्यांना कळायचं नाही. ते अंगणात येऊन उभे राहायचे आणि परत वर जायचे. न्यायच्या दिवशी डॉक्टरीणबाई एकट्याच आल्या, डोक्याला रुमाल बांधून. धाकट्यांनी थंड इंजिनला चोक किती ओढायचा आणि कधी आत ढकलायचा ते दाखवलं. “सुरू झाल्यावर लगेच दामटवू नका. तापमानाचा काटा मधे येऊ द्या.” आणखी काहीतरी सांगायचं होतं, पण ते काय हे त्यांनाच कळेना. त्यांनी दार जोर लावून बंद केलं आणि मागे सरकले.

गाडी फाटकातून बाहेर पडली. बाईंनी दुसरा गिअर जरा उशिरा टाकला. धाकट्यांच्या तोंडून ‘च्च’ निघालं. पुलाच्या बाजूला न जाता गाडी उलट दिशेला वळली.

वहिनी फाटकाची दांडी धरून उभ्या होत्या. सहा सिलिंडरचा तो आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत गेला, घरांच्या आड गेला, मग मोठ्या रस्त्याच्या गडबडीत त्यातला कुठला आपला ते ओळखू येईना. तरी त्या ऐकत होत्या. वळून येईल असं त्यांच्या कानांना अजून वाटत असावं. रस्ता रिकामाच राहिला.

“गेले ते, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “आता गेले.”

आणि त्या रडायला लागल्या. दवाखान्यात त्या रडल्या नव्हत्या, नंतर घरी माणसं जमली तेव्हाही नाही. ‘वहिनी फार खंबीर’, असं धाकट्यांनीच दहा जणांना अभिमानाने सांगितलं होतं. खंबीर कसल्या? रडायला माणूस आधी जावं लागतं, आणि त्यांचं माणूस तर रोज सकाळी फाटकातून आत येत होतं. धाकट्यांनी स्वतःही दादा गेल्याचं कुणापाशी नीट उच्चारलं नव्हतं. लोक विचारायचे तेव्हा ते ‘दादा नसतो आता’ एवढंच म्हणायचे, जणू दादा कुठे कामाला गेलाय.

“हो, वहिनी,” ते म्हणाले. या वेळी त्यांनी वाक्य पुरं केलं. “दादा गेला.”

मग दोघं तिथेच फाटकाच्या कट्ट्यावर बसली आणि मनसोक्त रडली. येणारे-जाणारे बघत होते, पण त्यांनी बघू दिलं.